दहा औषधं, दोन टक्केवाऱ्या: मेडिकेअरच्या पहिल्या भाव-वाटाघाटीचं प्रकरण

१५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारने मेडिकेअरसाठी दहा औषधांचे नवे भाव जाहीर केले. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरच्या नागरिकांची सरकारी आरोग्य विमा योजना. तिच्या ‘भाग डी’मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानातून मिळणारी औषधं येतात. मधुमेहावरच्या जानुव्हियाचा भाव ७९ टक्क्यांनी उतरला. सर्वांत कमी घट झालेलं इम्ब्रुव्हिकाही ३८ टक्क्यांनी उतरलं. बातम्यांचे मथळे याच आकड्यांवर बेतले गेले.

त्याच दिवशी सरकारने आणखी एक आकडा दिला होता, तो मात्र मागे पडला. हे भाव २०२३ मध्येच लागू असते तर या दहा औषधांवरचा योजनेचा निव्वळ खर्च, म्हणजे सवलती वजा जाता उरणारा खर्च, सुमारे ६ अब्ज डॉलरने, म्हणजे २२ टक्क्यांनी कमी झाला असता. दहाही औषधांची घट त्यांच्या खर्चाच्या प्रमाणात धरून सरासरी काढली तर ती साधारण ६२ टक्के येते. दोन्ही आकडे खरे आहेत. ६२ चे २२ कसे झाले हे कळलं की सरकारी औषधखर्चावर लगाम घालणं नेमकं कुठे अडतं, तेही कळतं.

हात बांधलेले होते

भाग डी २००३ च्या कायद्याने जन्माला आला आणि १ जानेवारी २००६ पासून सुरू झाला. त्या कायद्यातच एक कलम होतं: औषध कंपन्या, दुकानं आणि विमा योजना यांच्यातल्या बोलणीत आरोग्यमंत्र्यांनी हस्तक्षेप करायचा नाही. पैसा सरकारचा, पण घासाघीस खासगी विमा कंपन्यांनी आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्या फार्मसी बेनिफिट मॅनेजरांनी, म्हणजे पीबीएमनी करायची.

घासाघीस होत नव्हती असं नाही. फक्त ती जाहीर किमतीवर न होता रिबेटवर व्हायची. कंपनी औषधाची जाहीर किंमत चढी ठेवते आणि विमा योजनेच्या यादीत मानाची जागा मिळावी म्हणून विक्रीनंतर त्यातला काही भाग परत करते. किती, हे गोपनीय. हा परतावा योजना प्रामुख्याने सगळ्यांचा मासिक हप्ता कमी ठेवायला वापरते. पण रुग्णाचा टक्केवारीतला हिस्सा जाहीर किमतीवर मोजला जातो. म्हणजे जो महागडं औषध घेतो त्याच्या खिशातून, जो काहीच घेत नाही त्याचा हप्ता उतरतो. विम्याचं तत्त्व इथे उलटं फिरलं आहे, आणि तरी ही पद्धत जवळपास दोन दशकं बिनबोभाट चालली.

त्यात भर म्हणजे जुन्या रचनेत खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ८० टक्के भार मेडिकेअर उचलायचं, १५ टक्के विमा योजना आणि ५ टक्के रुग्ण. योजनेच्या दृष्टीने जास्त किंमत आणि जास्त रिबेट असलेलं औषध हे कमी किमतीच्या, बिनरिबेटच्या औषधापेक्षा फायद्याचं ठरायचं.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी इन्फ्लेशन रिडक्शन कायद्यावर सही झाली. सिनेटमध्ये तो ५१ विरुद्ध ५० असा, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतावर पार पडला होता. जुनं कलम रद्द झालं नाही. निवडलेल्या औषधांपुरता त्याला अपवाद केला गेला.

दहा कशी निवडली

निवड मर्जीवर नव्हती. योजना चालवणाऱ्या सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस, थोडक्यात सीएमएसने १ जून २०२२ ते ३१ मे २०२३ या बारा महिन्यांचा भाग डीचा खर्च घेतला आणि चाळण्या लावल्या. रासायनिक औषध असेल तर मंजुरीला किमान ७ वर्षं झालेली हवीत, जैविक, म्हणजे सजीव पेशींपासून बनलेलं असेल तर ११. बाजारात जेनेरिक किंवा बायोसिमिलर (जैविक औषधाची जवळपास हुबेहूब प्रत) नको. फक्त एकाच दुर्मीळ आजारासाठी असलेली औषधं, रक्तद्रव्यापासून बनणारी औषधं, २० कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चाची औषधं आणि छोट्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांची ठरावीक औषधं बाहेर. उरलेल्यांतली सर्वाधिक खर्चाची दहा आत.

या चाळण्यांमध्ये बारकावे आहेत. जेनेरिक मंजूर असणं पुरेसं नाही, ते खरोखर विकलं जात असलं पाहिजे. रक्त पातळ ठेवणाऱ्या एलिक्विसच्या जेनेरिकला अमेरिकी औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्येच परवानगी दिली होती आणि परवानगी मिळालेल्या दोन कंपन्यांत बंगळुरूची मायक्रो लॅब्जही होती. पण पेटंटच्या निकालांमुळे ते एप्रिल २०२८ पर्यंत बाजारात येऊ शकत नाही. म्हणून एलिक्विस यादीत आलं आणि पहिल्या क्रमांकावर आलं: १६.४८ अब्ज डॉलर खर्च, ३७ लाख रुग्ण.

दुसरा बारकावा ‘एक औषध’ कशाला म्हणायचं याचा. एकाच कंपनीची, एकाच मूळ घटकाची सगळी रूपं एकत्र धरली जातात. त्यामुळे नोव्होलॉग आणि फियास्प ही दोन वेगळ्या नावांची इन्सुलिनं, कुपी आणि पेन धरून, एकच औषध ठरली. मात्र दोन घटकांची मिश्र गोळी वेगळी मानतात. परिणामी जानुव्हिया पहिल्या फेरीत आलं, पण त्यातलाच घटक आणि मेटफॉर्मिन असलेलं जानुमेट राहून गेलं. ते दुसऱ्या फेरीत, २०२७ च्या भावांसाठी घ्यावं लागलं. एका वर्षाची फट, पण मोठ्या खपाच्या औषधात एक वर्षही लहान नसतं.

दहांवर मिळून त्या बारा महिन्यांत ५०.५ अब्ज डॉलर खर्च झाले, भाग डीच्या ढोबळ, म्हणजे रिबेट वजा न केलेल्या खर्चाच्या सुमारे २० टक्के. पण हा खर्च दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी तयार होतो. एलिक्विसचा माणशी वर्षाचा खर्च साधारण साडेचार हजार डॉलर, रुग्ण लाखोंनी. सोरायसिस, क्रोन्स अशा आजारांवरचं स्टेलारा घेणारे जेमतेम २२ हजार, पण माणशी सुमारे १ लाख २० हजार डॉलर. पहिल्या तऱ्हेत तगडे प्रतिस्पर्धी असतात आणि रिबेट भरपूर असतो. दुसऱ्या तऱ्हेत तो असेलच असं नाही.

भाव ठरला कसा

वाटाघाट म्हटल्यावर टेबलाच्या दोन बाजू डोळ्यांसमोर येतात, पण इथे निम्मी लढाई टेबलावर बसण्याआधी सूत्राने लढली होती. कायद्याने प्रत्येक औषधाला भावाचं छत घातलं. ते दोन रकमांपैकी जी कमी असेल ती. एक, रिबेट वजा जाता भाग डीच्या योजना प्रत्यक्षात मोजत असलेली निव्वळ किंमत. दुसरी, केंद्र सरकार सोडून इतर ग्राहकांना घाऊक व्यापाऱ्यांमार्फत पडणाऱ्या सरासरी उत्पादक-किमतीचा ठरावीक हिस्सा: मंजुरीला १६ वर्षं झालेल्या औषधांसाठी ४० टक्के, त्याहून नव्यांसाठी ७५ टक्के. १२ ते १६ वर्षांच्या औषधांसाठी ६५ टक्क्यांची मधली पायरी आहे, पण ती २०३० पासूनच्या फेऱ्यांत लागेल.

म्हणजे सध्याच्या निव्वळ किमतीपेक्षा जास्त भाव मिळण्याची शक्यताच नव्हती. प्रश्न एवढाच होता की त्याखाली किती जायचं.

सुरुवातीचा आकडा काढण्यासाठी सीएमएसने त्याच आजारावरच्या पर्यायी औषधांची किंमत घेतली आणि आपलं औषध त्यांच्या तुलनेत किती सरस किंवा उणं आहे हे पाहून ती वर-खाली केली. मग कंपनीने दिलेली माहिती: संशोधनाचा खर्च आणि तो कितपत वसूल झाला, उत्पादनखर्च, सरकारी अनुदान, पेटंट, विक्री. वृद्ध किंवा अपंग माणसाच्या आयुष्याचं एक वर्ष कमी मोलाचं धरणारी मोजमापं वापरायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे इतर काही देशांत वापरला जाणारा, गुणवत्ता जोडून काढलेल्या आयुष्य-वर्षांचा थेट हिशेब इथे चालला नाही. ‘किती सरस’ हे बरंचसं तज्ज्ञांच्या विवेकावर राहिलं. आमच्या मते संपूर्ण प्रक्रियेचा हा सर्वांत कमी पारदर्शक भाग आहे.

वेळापत्रक असं: २९ ऑगस्ट २०२३ ला यादी, १ ऑक्टोबरपर्यंत कंपन्यांच्या सह्या, १ फेब्रुवारी २०२४ ला सरकारचा पहिला प्रस्ताव, ३० दिवसांत कंपनीचा प्रतिप्रस्ताव, मग प्रत्येक कंपनीबरोबर तीन बैठका, १ ऑगस्टला सगळं संपलं. पाच औषधांवर बैठकांच्या ओघात एकमत झालं आणि त्यांतल्या चारांमध्ये सरकारने कंपनीचाच सुधारित प्रतिप्रस्ताव मान्य केला. उरलेल्या पाचांना शेवटचा लेखी प्रस्ताव गेला आणि तो स्वीकारला गेला.

नकार देता आला असता का? कागदावर, हो. पण करार न करणाऱ्या कंपनीला त्या औषधाच्या विक्रीवर कर होता. तो ६५ टक्क्यांपासून सुरू होऊन २७० दिवसांनंतर ९५ टक्क्यांवर जातो. ही टक्केवारी करासह किमतीवर मोजलेली आहे, म्हणून करापूर्वीच्या किमतीवर पाहिलं तर तो सुमारे १८६ ते १९०० टक्के होतो. दुसरा मार्ग म्हणजे आपली सगळी औषधं मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड या दोन्ही योजनांतून काढून घेणं. बहुतेक कंपन्या कोर्टात गेल्या. जानुव्हिया बनवणाऱ्या मर्कने तर यादी येण्याआधीच, जून २०२३ मध्ये दावा लावला. मालमत्ता हिरावणं, बळजबरीने ‘वाजवी किंमत’ असे शब्द वदवून घेणं असे घटनात्मक आक्षेप होते. योजनेत भाग घेणं ऐच्छिक आहे या मुद्द्यावर ते बहुतांश फेटाळले गेले.

तीस दिवसांच्या औषधाचे भाव, आधी २०२३ ची जाहीर किंमत आणि मग १ जानेवारी २०२६ पासूनचा भाव, डॉलरमध्ये:

जानुव्हिया: ५२७ वरून ११३
नोव्होलॉग व फियास्प: ४९५ वरून ११९
फारक्सिगा: ५५६ वरून १७८.५०
एनब्रेल: ७,१०६ वरून २,३५५
जार्डियन्स: ५७३ वरून १९७
स्टेलारा: १३,८३६ वरून ४,६९५
झारेल्टो: ५१७ वरून १९७
एलिक्विस: ५२१ वरून २३१
एन्ट्रेस्टो: ६२८ वरून २९५
इम्ब्रुव्हिका: १४,९३४ वरून ९,३१९

६२ चे २२

सरकारच्या दोन आकड्यांवरूनच गणित मांडता येतं. ६ अब्ज ही बचत २२ टक्के असेल, तर ज्यातून ती वजा झाली ती निव्वळ रक्कम साधारण २७ अब्ज. आणि २०२३ मध्ये याच दहा औषधांचा ढोबळ खर्च होता ५६.२ अब्ज. म्हणजे दर दोन डॉलरमधला जवळपास एक डॉलर रिबेट आणि सवलतींच्या रूपाने आधीच परत येत होता. ६२ टक्क्यांतला मोठा हिस्सा पीबीएमनी पूर्वीच मिळवलेला होता. कायद्याने तो उघड भावात आणला आणि उरलेल्या निव्वळ किमतीतून आणखी २२ टक्के काढले.

हे समजलं की वरची यादी उलटी वाचावी लागते. जानुव्हियाच्या वर्गात तुल्यबळ गोळ्या अनेक आहेत, त्यामुळे विमा योजना एकीला दुसरीविरुद्ध खेळवू शकत होत्या. मोठी घट हे तिथे मोठ्या जुन्या रिबेटचंच चिन्ह असण्याची शक्यता जास्त. इम्ब्रुव्हिका रक्ताच्या कर्करोगावरचं औषध आहे. कर्करोगाची औषधं ‘संरक्षित’ वर्गात येतात, योजनांना ती यादीत ठेवावीच लागतात, आणि ज्याला वगळण्याची धमकीच देता येत नाही त्याच्याकडून रिबेट कसला मिळणार? म्हणून तिथले ३८ टक्के कदाचित जानुव्हियाच्या ७९ पेक्षा जास्त अस्सल असतील. औषधवार निव्वळ किमती गोपनीय असल्याने हा तर्कच राहतो, पण गणिताची दिशा तीच दाखवते.

नोव्होलॉगचं उदाहरण याहून बोलकं आहे. वाटाघाटी चालू असतानाच, १ जानेवारी २०२४ पासून, कंपनीने त्याची जाहीर किंमत ७५ टक्क्यांनी खाली आणली, कुपी २८९.३६ डॉलरवरून ७२.३४ वर आली. वेळ साधण्याचं कारण वेगळ्याच कायद्यात आहे. मेडिकेड योजनेत कंपनीला जो रिबेट द्यावा लागतो त्यावर औषधाच्या सरासरी उत्पादक-किमतीइतकी कमाल मर्यादा होती. २०२१ च्या कायद्याने ती नेमकी १ जानेवारी २०२४ ला उठवली. वर्षानुवर्षं किंमत वाढवलेल्या इन्सुलिनवर आता विकलेल्या कुपीमागे किमतीपेक्षा जास्त रिबेट देण्याची पाळी आली असती. त्यापेक्षा किंमत पाडणं स्वस्त. जाहीर झालेली ‘७६ टक्के घट’ २०२३ च्या किमतीवर मोजलेली आहे. ४९५ चा चौथा हिस्सा १२४ होतो आणि ठरलेला भाव ११९.

रुग्णाला काय, तिजोरीला काय

रुग्णाचा फायदा तो योजनेच्या कोणत्या टप्प्यात आहे यावर ठरतो. २०२६ साठी सुरुवातीचे ६१५ डॉलर रुग्णाने स्वतः भरायचे, मग साधारण २५ टक्के, आणि वर्षभरात २,१०० डॉलर भरले की पुढे शून्य. वर्षाच्या पहिल्या महिन्यात एलिक्विस घेणाऱ्याला थेट फरक दिसतो: ५२१ ऐवजी २३१. योजनेत दरमहा ठरावीक रक्कम असेल तर तीच रक्कम भरत राहतो, फरक शून्य. आणि स्टेलाराच्या रुग्णाचे २,१०० डॉलर जुन्या भावाने पहिल्याच महिन्यात संपले असते, नव्या भावाने दुसऱ्या महिन्यात संपतात. वर्षाचा आकडा तोच. त्याच्या बाबतीत बचत विमा योजनेची आणि सरकारची. वार्षिक मर्यादा याच कायद्याने आणली, आणि महागडी औषधं घेणाऱ्यांना खरा दिलासा वाटाघाटीपेक्षा तिनेच दिला.

तिजोरीच्या बाजूने एक गाठ आहे. मर्यादेनंतरच्या टप्प्यात ब्रँडेड औषधाच्या खर्चाची वाटणी आता ६० टक्के योजना, २० टक्के कंपनी, २० टक्के मेडिकेअर अशी आहे. पण वाटाघाटीत आलेल्या औषधाला कंपनीचा हिस्सा माफ आहे आणि तो मेडिकेअर उचलतं. भाव कमी, वाटा दुप्पट. प्रति-गोळी बचतीवरून सरकारी बचतीचा अंदाज बांधणारे इथे हमखास चुकतात.

दुकानातल्या गल्ल्यावरचा ताण

नवा भाव लागू करणं हे ठरवण्याइतकंच कटकटीचं निघालं, कारण औषध विकत घेताना दुकानदाराला माहीत नसतं की ही बाटली मेडिकेअरच्या रुग्णाला जाणार की दुसऱ्या कुणाला. म्हणून तो जुन्याच, घाऊक किमतीने माल भरतो. रुग्ण आला की विमा योजना त्याला नव्या भावाने पैसे देते. मधला फरक औषध कंपनीने परत करायचा. त्यासाठी सीएमएसने मध्यस्थ यंत्रणा उभी केली: योजनेने विक्रीची नोंद सात दिवसांत पाठवायची, यंत्रणा ती कंपनीकडे देते, आणि तिथून १४ दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे.

२०२३ ची किंमत धरली तर एलिक्विसच्या एका चिठ्ठीमागे २९० डॉलर अडकतात. महिन्याला अशा शंभर चिठ्ठ्या आणि तीन आठवड्यांचा फेरा धरला, तर एका औषधापायी कोणत्याही दिवशी सुमारे २० हजार डॉलर बाहेर असतात. साखळी दुकानांना हे पेलतं. स्वतंत्र दुकानदारांच्या संघटनांनी रोकड आटण्याची तक्रार आधीपासूनच केली होती आणि ती रास्त आहे. ज्या औषधाची जाहीर किंमतच खाली आली, त्याबाबत हा फरक जवळपास उरत नाही. नोव्होलॉगसारखी कपात दुकानदाराला सर्वांत सोयीची ती यामुळे.

दुसरी अडचण ३४०बी कार्यक्रमाची. गरीब रुग्णांची सेवा करणाऱ्या रुग्णालयांना त्याखाली औषध आधीच सवलतीत मिळतं. कंपनीने दोन्हींतली कमी किंमत द्यायची, दोन सवलती नाहीत. पण ही चिठ्ठी ३४०बीची होती हे बऱ्याचदा विक्रीनंतर ठरतं, आणि तोवर परतावा सुटलेला असतो.

घड्याळाची बाजू आणि यादीतली जागा

निवडीच्या वेळी ७ आणि ११ वर्षं म्हणजे भाव प्रत्यक्ष लागू होईपर्यंत ९ आणि १३. चार वर्षांच्या या फरकाला उद्योग ‘गोळीला शिक्षा’ म्हणतो, आणि गुंतवणूक गोळ्यांकडून जैविक औषधांकडे वळेल असा इशारा देतो. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता की कायद्यामुळे ३० वर्षांत येणाऱ्या सुमारे १,३०० नव्या औषधांपैकी १३ कमी येतील. इशारा अतिरंजित असेल, पण घड्याळाची एक खोट खरी आहे: ते पहिल्या मंजुरीपासून चालतं. छोट्या आजारासाठी आधी मंजुरी घ्यायची आणि मग मोठ्याकडे जायचं, ही कर्करोग-संशोधनातली रुळलेली वाट त्यामुळे तोट्याची होते. दुर्मीळ आजारांची सूट एकाच आजारापुरती असल्याने दुसऱ्या दुर्मीळ आजारावर प्रयोग करणंही अंगाशी येत होतं. ती सूट जुलै २०२५ च्या कायद्याने रुंद केली. उपाय हवा होता, पण त्याने मोठ्या खपाची काही औषधं वाटाघाटीबाहेर किंवा उशिरा जातील, म्हणजे बचत घटेल.

योजनांच्या यादीचा प्रश्न मात्र अजून पूर्ण उलगडलेला नाही. वाटाघाटीतलं औषध प्रत्येक योजनेला ठेवावंच लागतं. पण ते यादीत कोणत्या पायरीवर ठेवायचं (पायरीवर रुग्णाचा हिस्सा ठरतो), डॉक्टरांना आधी योजनेची परवानगी घ्यायला लावायची का, हे योजना ठरवते. आणि आता या औषधावर रिबेट उरलेला नाही, शेजारच्या स्पर्धक औषधावर तो आहे. नव्या वाटणीत योजनेचाच ६० टक्के भार असल्याने ती निव्वळ खर्चाकडे जास्त पाहील हे खरं. तरी रिबेटवाल्या औषधाला वरची पायरी देण्याचा मोह जात नाही. सीएमएस अशा योजनेकडून लेखी कारण मागतं. २०२७ पासून मधुमेह आणि वजनावरच्या सेमाग्लुटाइडसह आणखी पंधरा औषधांचे भाव लागू होतील आणि त्यापुढच्या फेरीत दवाखान्यात टोचली जाणारी ‘भाग बी’ची औषधंही येतील. तिथे पीबीएम आणि रिबेट यांचं प्रस्थ बरंच कमी आहे, त्यामुळे जाहीर घट आणि निव्वळ घट यांतलं अंतरही कमी असायला हवं.